ॲडमिट न होता घेतलेली कार-टी: फिलाडेल्फियातले आमचे पंधरा दिवस

सप्टेंबर 2025 मध्ये ह्यांना कर्करोगावरच्या कार-टी उपचाराच्या पेशी दिल्या, त्याही ॲडमिट न करता. मिरजेचे नातेवाईक आणि इथली, न्यू जर्सीतल्या एडिसनची मंडळी तेव्हापासून विचारतायत, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे दोन तक्रारीही आहेत.

आजार डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. आर-चॉप ह्या केमोच्या सहा सायकली झाल्या आणि वर्षाच्या आत गाठी परत आल्या. तेव्हा डॉक्टरांनी लिसो-सेल ही कार-टी सुचवली, बाजारातलं नाव ब्रेयान्झी. रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, कारखान्यात त्यांना लिम्फोमाच्या पेशींवरची सीडी19 ही खूण ओळखायला शिकवायचं आणि त्याच पेशी परत अंगात सोडायच्या. ह्याच फिलाडेल्फियात 2012 मध्ये सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला रक्ताच्या कर्करोगावर अशा पेशी दिल्या होत्या. हा उपचार मिळालेल्या लहान मुलांत ती पहिली. कन्सल्टेशनला जाताना गाडीत मी ह्यांना तिचीच गोष्ट सांगत होते.

पेशी काढल्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी. दोन्ही हातांत सुया, साडेचार तास हात हलवायचा नाही. नाक खाजवायलाही मीच. मग जवळपास पाच आठवडे वाट बघणं. घटस्थापनेच्या आधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधं, रोज सकाळी जायचं आणि दुपारी परत. 23 सप्टेंबरला पेशी दिल्या. मला वाटलं होतं मोठी पिशवी लटकवतील. प्रत्यक्षात छोट्या कुप्या आल्या, सिरिंजमध्ये भरल्या, आधी सीडी8 पेशी, मग सीडी4 (टी-पेशींचेच दोन प्रकार), आणि पंधरा-वीस मिनिटांत झालंसुद्धा. पेशी गोठवताना घालतात त्या द्रावणाचा लसणासारखा वास मात्र दोन दिवस ह्यांच्या श्वासाला येत होता. चार तास नजरेखाली ठेवलं आणि खोलीवर पाठवलं.

खोलीवर म्हणजे आमच्या घरी नव्हे. एडिसन सव्वा तासावर आणि ह्या सेंटरला पेशंट अर्ध्या तासाच्या आत हवा असतो. म्हणून रुग्णालयापासून दहा मिनिटांवर स्वयंपाकघर असलेली एक खोली पंधरा दिवस घेतली. हा खर्च विमा देईल असं धरून चालू नका, आधी लेखी विचारा. जून 2025 मध्ये एफडीएने, म्हणजे इथल्या औषध नियामक संस्थेने, नियम सैल केले: सेंटरजवळ राहण्याची आणि गाडी न चालवण्याची मुदत दोन आठवड्यांवर आणली. त्याचा आम्हाला खरंच फायदा झाला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पेशंट ॲडमिट नसतो तेव्हा रात्रीची नर्स तुम्ही असता. चोवीस तास एक माणूस सोबत हवाच, ही त्यांची अट आहे आणि ती योग्य आहे. ताप दर चार तासांनी, बीपी, ऑक्सिजन. 100.4 दिसला की लगेच फोन, आणि विचारल्याशिवाय टायलेनॉल (पॅरासिटामॉल) द्यायचं नाही, कारण ताप झाकला जातो. रोज सकाळी क्लिनिकमध्ये रक्त तपासणी आणि दहा गुणांची एक परीक्षा: वर्ष, महिना, शहर, रुग्णालय सांगा, तीन वस्तू ओळखा, सांगितलेली एक कृती करा, शंभरपासून दहा-दहाने उलटं मोजा, एक वाक्य लिहा. कार-टीचा परिणाम मेंदूवर होऊ लागला की अक्षर लवकर बिघडतं म्हणे.

मी घरी वेगळी वही केली. सकाळ-संध्याकाळ ह्यांनी तिच्यात एक वाक्य मराठीत लिहायचं. आयुष्यभर स्ट्रक्चरल ड्रॉइंगं काढलेला माणूस, अक्षर छापल्यासारखं. ‘नळाचं पाणी गार आहे.’ ‘आज मेतकूट भात पुरे.’ चार दिवस सगळं ठीक होतं.

पाचव्या दिवशी, रविवारी, डे क्लिनिक बंद. तपासणीसाठी वरच्या वॉर्डात पाठवलं आणि तिथे दोन तास चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. शेजारी खोकणारी माणसं, ह्यांच्या पांढऱ्या पेशी तळाला. ही पहिली तक्रार. दुसरी त्याच रात्रीची. एक वाजून पन्नास मिनिटांनी ताप 101.2. दिलेल्या नंबरवर फोन केला, तो आन्सरिंग सर्व्हिसने घेतला. त्या बाईला कार-टी हा शब्दच माहीत नव्हता, ‘तासाभरात फोन येईल’ म्हणाली. पाकिटातल्या कार्डावर दुसरा नंबर होता, ऑन-कॉल डॉक्टरांचा. तो लावला, त्यांनी दोन मिनिटांत उचलला आणि म्हणाले, इमर्जन्सीत बसू नका, थेट वॉर्डात या, बेड ठेवलाय. वीस मिनिटांत आम्ही आत होतो. पहाटे कार-टीनंतरच्या अशा तापावरच्या टोसिलिझुमॅब ह्या औषधाची तासाभराची ड्रिप, दुपारपर्यंत ताप उतरला.

त्याच संध्याकाळी वही पुढे केली. ह्यांनी लिहिलं, पण शिरोरेषा अर्ध्या शब्दावर सुटली आणि ओळ खाली घसरत गेली. नर्सच्या कागदावर इंग्रजी वाक्य त्या मानाने बरं दिसत होतं. मी तिला कालचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवून दाखवलं. तिला देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नाही, तरी तिने दोन्ही पानांचा फोटो डॉक्टरांना पाठवला आणि परीक्षा पुन्हा घेतली. दहापैकी आठ. लगेच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी स्वतःहून वही मागितली आणि शिरोरेषा पट्टीने मारल्यासारखी सरळ आली. त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

एकूण तीन रात्री वॉर्डात, बाकी सगळं खोलीवर. दसऱ्याला हे माझ्या हातचा मऊभात खात होते. झोप आपल्या अंथरुणात, रात्री दर दोन तासांनी दिवा लावणारं कोणी नाही, ह्याचा ह्यांच्या जिवाला फार आधार होता. माझी मात्र पहिल्या आठवड्यात सलग तीन तासही झोप झाली नाही. मुलगी चार दिवस आली म्हणून निभावलं. घरात दुसरं माणूस नसेल तर सरळ ॲडमिट व्हा, असंच मी सांगेन.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक रविवारचा आणि त्या फोनचा. सही करण्याआधी को-ऑर्डिनेटरला विचारा: रात्री फोन नेमका कोण उचलतं, सुट्टीच्या दिवशी तपासणी कुठे होते, आणि ताप आला तर बेड राखून ठेवलेला असतो का. उत्तरं लिहून घ्या.

23 ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दिवशी, पेट स्कॅन झाला. लिम्फोमाची कुठेही हालचाल दिसली नाही. पुढचा स्कॅन तीन महिन्यांचा.

मिरजेहून विचारणाऱ्यांसाठी: इथे यायची गरज नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेली नेक्सकार19 ही सीडी19चीच कार-टी आहे, 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते पवईत तिचं लोकार्पण झालं, आणि अमेरिकेच्या मानाने ती साधारण दशांश किमतीत मिळते. टाटाची फाइल काढताना पहिल्या बायोप्सीचे ब्लॉक आणि सगळे जुने पेट स्कॅन सोबत न्या.