सरकारी एआरटी केंद्रातील मुलांची ओपीडी : तीन वर्षांचा अनुभव

माझ्या सात वर्षांच्या भाच्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. निदानच उशिरा झाल्याने उपचार चौथ्या वर्षी सुरू झाले आणि तेव्हापासून मी त्याला हडपसरहून पीएमपीच्या बसने पुण्यातील एका सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात नेत आहे.

औषधे मोफत मिळतात आणि आजवर कधी खंड पडलेला नाही. समुपदेशक मॅडम उरलेल्या गोळ्या ट्रेमध्ये ओतून, दोन-दोन करून मोजतात. एक जरी जास्त भरली तरी कोणत्या दिवशी चुकली हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत. सुरुवातीला या उलटतपासणीचा राग येत असे.

मात्र या सेवेचे खरे मोल मला कळले ते एका केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. उपचारांपूर्वी भाच्याला दोनदा न्यूमोनिया झाला होता, तोही खासगी दवाखान्यात न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवरची लस घेऊन. त्यामुळे लसच खराब निघाली, अशी आमची समजूत होती. डॉक्टरांनी एक गोल काढून त्याभोवती जाड रेघ ओढली आणि सांगितले, की या जिवाणूभोवती शर्करेचे आवरण असते, त्यावर प्रतिपिंडे चिकटली तरच भक्षक पेशींना तो नीट गिळता येतो. ती प्रतिपिंडे बी पेशी या पांढऱ्या रक्तपेशींपासून तयार होतात. परंतु बाळांना देतात त्या लसीची आठवण टिकायला सीडी४ या दुसऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची मदत लागते, आणि एचआयव्ही नेमक्या त्याच पेशी नष्ट करतो. रोजचे कोट्रिमॉक्साझोल हे ताकदीचे औषध नसून जंतुसंसर्ग टाळण्यासाठी आहे, हेही मला त्याच दिवशी समजले.

त्रुटी सांगायलाच हवी. बाहेरच्या बाकांवर बसलेल्यांसमोर शिपाई मुलाचे पूर्ण नाव पुकारतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेची हमी दिलेली असताना टोकन क्रमांक पुकारणे काय अवघड आहे? लेखी तक्रारीनंतर दोन महिने क्रमांक पुकारले गेले, मग पुन्हा नावे सुरू झाली.

सीडी४ वाढल्यावर डॉक्टरांनी न्यूमोकोकसच्या २३ प्रकारांवरील लस लिहून दिली. ती केंद्रात नव्हती. आम्ही विकत घेऊन बर्फाच्या डब्यातून नेली आणि परिचारिकेने ती लगेच टोचली. दुसरा डोस पाच वर्षांनी आहे, त्याची तारीख त्यांनी भाच्याच्या कार्डावर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.