बायबलमधल्या यशया ५४:१७ या वचनाची वॉल फ्रेम: क्वालिटी मस्त पण वचन अर्धंच छापलंय

भावाच्या नवीन घराच्या गृहार्पणाला द्यायला ही मराठी वचनाची फ्रेम ऑनलाइन मागवली. आधी चांगलं सांगते, एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) बोर्ड जाड आहे, पॅकिंग व्यवस्थित, मागे हुक बसवूनच येतं त्यामुळे फक्त खिळा ठोकायचा. जोडाक्षरंही धड आलीत, नाहीतर मराठी वचनांच्या स्टिकरवर ‘ख्रिस्त’चा पार चेंदामेंदा झालेला असतो.

आता तक्रार. तुझ्यावर चालवायला घडवलेलं कुठलंच हत्यार चालणार नाही, इथवर छापलंय आणि खाली डायरेक्ट संदर्भ. अहो पुढचं कुठे गेलं? तुझ्यावर आरोप घेऊन उठणाऱ्या प्रत्येक जिभेला तू खोटं पाडशील, हा परमेश्वराच्या सेवकांचा वारसा आहे, हे सगळं गायब! आपल्या दारात तलवार घेऊन कोण येतंय, जिभाच चालतात, भाऊबंदकीत म्हणा नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मला तर तोच भाग हवा होता.

आणि चित्र काय तर ढाल-तलवारवाला रोमन शिपाई. हे वचन यरुशलेमेला दिलेलं, इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने शहर आणि मंदिर जाळलं, लोकांना बाबेलला धरून नेलं, आणि त्या उजाड शहराशी देव नवऱ्याने टाकलेल्या, मूलबाळ नसलेल्या बाईची समजूत काढावी तसं बोलतोय, त्यात रोमन कुठून घुसले? त्याच्या आधीच्याच १६व्या वचनात कोळसे फुंकून हत्यार घडवणारा लोहार आहे, देव म्हणतो त्यालाही मीच निर्माण केलंय. ती भट्टी काढली असती तर फ्रेम कसली भारी दिसली असती!

डिस्क्रिप्शनमध्ये ‘शत्रूपासून १००% संरक्षण, दुकानात लावा’ असं लिहिलंय ते तर काढूनच टाका, लिंबू-मिरची आहे का ही? यांच्याकडे स्तोत्र ९१ ची पण फ्रेम आहे, तिच्याखालीही सेम मजकूर. त्याच स्तोत्रातलं दूत तुला हातांवर झेलतील हे वचन सैतानाने येशूला ऐकवलं होतं, मंदिरावरून उडी मार म्हणून, बायबलमधल्या मत्तयचा ४था अध्याय काढून बघा.

चार स्टार देतेय, पाचवा अर्ध्या वचनासाठी कापला. पूर्ण वचन आणि बिनचित्राची साधी फ्रेम काढा, आईसाठी लगेच घेते, फक्त अक्षरं एवढीच मोठी ठेवा, तिला चष्मा लावायचा कंटाळा आहे.