अनुरक्षण सेवा: बालगृहातून पहिल्या पगारापर्यंत किती पोचवते?

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातल्या मुलामुलींचा मुक्काम हलतो. पुढे त्यांना पायावर उभं करण्यासाठी सरकारची जी व्यवस्था आहे ती अनुरक्षण सेवा. इथे तिची एकच बाजू तपासली आहे: प्रशिक्षणापासून नोकरीपर्यंत आणि नोकरीत टिकेपर्यंत ती किती कामाला येते.

कागदावर ही सेवा चांगली आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्यांना आर्थिक मदतीची तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम २५ तर बराच खोलात जातो. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती सोय, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणाला शिष्यवृत्ती, समुपदेशक, धंदा टाकायचा असेल तर कर्ज आणि अनुदान, एवढं सगळं त्यात आहे. मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. यातली एकत्र राहण्याची कल्पना सगळ्यात मोलाची. जेवणाचा, वीजबिलाचा खर्च वाटला जातो आणि रात्री खोलीवर बोलायला माणूस असतं.

पण हे सगळं आपोआप सुरू होत नाही. कलमाची भाषाच मदत ‘देता येईल’ अशी आहे, सक्तीची नाही. बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ, म्हणजे मुलांच्या प्रकरणांत निर्णय देणाऱ्या यंत्रणा, यांचा आदेश लागतो, आणि त्यासाठी परिवीक्षा अधिकारी, बालकल्याण अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा सादर करायचा असतो. इथे पहिली गफलत होते. दोन महिने ही शेवटची मुदत आहे, पण ती कामाची सुरुवात समजली जाते.

दोन महिने का पुरत नाहीत, ते आयटीआयच्या वेळापत्रकावरून कळतं. प्रवेश वर्षातून एकदा, दहावीच्या निकालानंतर. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड (कारागिरीचे अभ्यासक्रम) दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. जानेवारीत अठरा पूर्ण होणाऱ्या मुलाचा विचार नोव्हेंबरात सुरू झाला, तर प्रवेशाला निम्मं वर्ष बाकी असतं. मग ‘रिकामा बसू नये’ म्हणून जो अल्पमुदतीचा वर्ग चालू असेल त्यात नाव घातलं जातं. आवड, हात कशावर बसतो, जवळपास त्या कामाला मागणी आहे का, हे कोणी पाहत नाही. ट्रेड निवडायचं काम सोळाव्या वर्षी व्हायला हवं, आणि तेही तक्ता दाखवून नाही. प्रत्येक वर्कशॉपमध्ये दोन-दोन दिवस उभं राहू द्यावं. वेल्डिंगची धग आणि दिवसभर वाकून काम करणं झेपतं की नाही, हे दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मुलालाच कळतं. ज्यांची शाळा मधे तुटलेली असते ते अठराव्या वर्षी अजून दहावीतच असू शकतात. त्यांच्यासाठी एकवीसची मुदतही अपुरी पडते. वाढीव दोन वर्षांची मागणी आराखड्यात आधीच नोंदवून ठेवलेली बरी.

सेवेचा सगळ्यात कच्चा भाग कागदपत्रांचा. मुलाला आधार कार्ड असतं, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर बहुतेकदा अधीक्षकांचा किंवा संस्थेचा. बाहेर पडल्यावर प्रत्येक ओटीपी तिकडे जातो. अधीक्षक बदलले की तोही मार्ग बंद. नंबर बदलायला बहुतेकदा आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. पंधराव्या वर्षीचं बायोमेट्रिक अद्ययावत करायचं राहून गेलं असेल तर ठसेच जुळत नाहीत आणि काम अडतं. बँकेतही तसंच. अज्ञान (अल्पवयीन) म्हणून उघडलेलं खातं अठरानंतर नव्या सही-फोटोसह, नव्या केवायसीने (ओळख-पडताळणीने) सज्ञान करून घ्यावं लागतं. ते केलं नाही तर व्यवहार थांबू शकतात. सरकारी मदतीचे थेट हस्तांतराचे पैसे आधारशी शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात. प्रशिक्षण केंद्राने मधेच दुसरं खातं उघडून आधार जोडलं, तर मदतीची रक्कम तिकडे पडते आणि मूल जुन्या पासबुकात शोधत बसतं.

यावर साधी चाचणी आहे. संस्था सोडण्याआधी मुलाने स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या आधारचा ओटीपी घेऊन डिजिलॉकर हे सरकारी कागदपत्रांचं ॲप उघडून दाखवावं आणि एटीएममधून शंभर रुपये काढून आणावेत. हे जमलं नाही तर आराखडा अपुरा समजावा.

महाराष्ट्रात अनाथ मुलांना २०१८ पासून शिक्षण आणि शासकीय नोकरीत १ टक्का समांतर (जातीच्या आरक्षणाला आडवं छेदणारं) आरक्षण आहे. त्याला महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. बालगृहातल्या प्रत्येकाला ते मिळत नाही, कारण पालक असलेली मुलंही तिथे राहतात. जे पात्र आहेत त्यांचा अर्ज मूल संस्थेत असतानाच जायला हवा, कारण प्रवेशाची नोंद आणि समितीचे आदेश त्या दप्तरात असतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार या तिन्हींवर नाव सारखं आहे ना, हेही तेव्हाच पाहावं. एकावर आडनाव, दुसऱ्यावर संस्थेने लावलेलं मधलं नाव, असा घोळ नेमका नोकरीच्या पडताळणीत बाहेर येतो.

प्रशिक्षण वर्गात मुलाखतीचा सराव, इंग्रजीत ओळख करून देणं, शर्ट इन करणं हे सगळं होतं. पगारपत्रक मात्र क्वचित शिकवलं जातं. मूळ पगार १५,००० सांगितला, दुसरे भत्ते नाहीत, असं धरू. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे (पीएफ) १२ टक्के म्हणजे १,८०० जातात, ईएसआय या कामगार आरोग्य विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे ११३ आणि व्यवसाय कराचे २०० (फेब्रुवारीत ३००). हातात १२,८८७ येतात. मुलींना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांना २०० जास्त मिळतात. हे आधी माहीत नसलं की कापलेले पैसे कंत्राटदाराने खाल्ले असं वाटतं आणि पहिल्याच पगाराला भांडण होऊन नोकरी सुटते. उलट बाजूही शिकवावी: पीएफ कापला पण यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) दिला नाही, तर विचारायचं.

आता मुख्य तक्रार. नियमातली मदत ‘नोकरी मिळेपर्यंत’ अशी आहे, आणि तिचा शब्दशः अर्थ लावला की रुजू झाल्याच्या दिवशी ती थांबते. खरी ओढाताण त्याच दिवशी सुरू होते. दहा जूनला रुजू झालेल्याला पहिला पगार जुलैच्या सात तारखेला मिळतो, तोही एकवीस दिवसांचा. त्याआधी खोलीचं डिपॉझिट, अकरा महिन्यांच्या करारनाम्याचा खर्च, बसचा पास, सेफ्टी शूज आणि महिन्याची खानावळ. घरच्या मुलाला हा महिना घर सांभाळून नेतं. या मुलाला तो उचलीवर काढावा लागतो आणि पुढचे तीन पगार ती उचल फेडण्यात जातात. रुजू झाल्यानंतर किमान तीन महिने ४,००० रुपये चालू ठेवले तर हा खड्डा भरतो. समितीसमोर आराखडा मांडतानाच ही मागणी लेखी करावी.

समुपदेशकाचं लक्षही याच तीन महिन्यांत जास्त हवं. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन, आणि तो कामाच्या वेळेत नको, रात्री साडेआठनंतर.

या सेवेला एकूण पाचपैकी अडीच गुण. तरतुदींना चार देता येतील, अंमलबजावणीच्या घाईने दीड कमी होतो. तरीही पात्र असलेल्या प्रत्येकाने अर्ज करावाच. पैसे थोडे असले तरी स्वतःच्या खात्यात येतात, आणि आदेश हातात असला की जिल्हा बाल संरक्षण कक्षात हक्काने उभं राहता येतं.

रुजू होतानाच्या अर्जाची तालीमही संस्थेतच करून घ्यावी. कायमचा पत्ता, वडिलांचं नाव, आपत्कालीन संपर्क, वारसदार, असे चार रकाने असतात. अधिकाऱ्यासमोर बसून त्यावर पेन अडखळलं की पहिलाच दिवस जड होतो. आपत्कालीन संपर्कासाठी एका माणसाला आधी विचारून त्याचा नंबर पाठ करून घ्यावा. पीएफच्या नामनिर्देशनात, कुटुंब नसेल तर, कोणाचंही नाव देता येतं. लग्न झालं की ते रद्द ठरतं आणि नवं भरावं लागतं.