मोठ्या अक्षराचं संदर्भवालं मराठी बायबल, नक्की घ्या

सदरमधल्या एका दुकानातून घेतलं, रोज वापरतेय म्हणून लिहिते. टाइप मस्त मोठा आहे, आई चष्म्याशिवाय वाचते. कागद मात्र फारच पातळ, नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसलं की पानं नुसती फडफडतात, आणि खुणा पेन्सिलनेच करा, जेल पेन आरपार उमटतो.

पण खरे पैसे वसूल होतात ते संदर्भांमुळे, म्हणजे वचनाशी जुळणारी ओळ बायबलमध्ये आणखी कुठे आहे ते तिथेच दिलेलं असतं. मी ख्रिस्ती घरातलीच, बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, संडे स्कूल, लेंटचे (ईस्टरआधीचे) उपास, दशांश (कमाईचा दहावा हिस्सा देवाला) सगळं वेळच्या वेळी, आणि तरी मनात सतत हिशोब चालायचा की देवासमोर आपण पुरे पडतो का. प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा 4 था अध्याय वाचत होते, 3 ऱ्या वचनाला बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या उत्पत्ती 15:6 चा संदर्भ दिलेला, तिथे गेले तर यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने विश्वास ठेवला आणि देवाने तेच त्याचं नीतिमत्त्व (देवासमोर निर्दोष असणं) धरलं, आणि सुंतेची आज्ञा येते थेट 17 व्या अध्यायात! म्हणजे माणूस नीतिमान आधी ठरला, विधी मागून आला. पौल पुढे म्हणतो, काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, तिला कृपा म्हणत नाहीत. मला रडूच फुटलं. तिथेच गुडघे टेकले, म्हटलं प्रभू, माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नाही, तुझंच नीतिमत्त्व मला दे. माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, मी त्या रात्रीपासून धरते.

मग कसंही वागलं तरी चालतं का, असं चुलतभावाने विचारलं. त्याला याकोबाच्या पत्राचा 2 रा अध्याय काढून दिला, तिथे उत्पत्तीतली तीच ओळ आहे आणि क्रियांशिवाय विश्वास निर्जीव आहे हेही आहे. दोन्ही सोबतच वाचायला पाहिजे. मोठ्या जाऊबाईंशी बंद पडलेलं बोलणं मी आपणहून सुरू केलं ते यानंतरच, आधी माझ्याच्याने झालंच नसतं.

मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना राजनांदगावला जाताना रेल्वेत एका साहेबाने नवा करार (बायबलचा येशूपासूनचा भाग) दिला होता, तो वाचून पुढे 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यामुळे नुसता नवा करार घेतला तरी काही वाया जात नाही, पण उत्पत्ती त्यात नसल्याने अब्राहामाची गोष्ट मुळातून उलटून बघता येत नाही, म्हणून मी तर पूर्ण बायबलच घ्या म्हणेन. झिपचं कव्हर वेगळं मागा, सोबत येत नाही.