नाशिक-दिल्ली विमान: काही महिन्यांच्या वापरानंतर

लेक दिल्लीला शिकायला गेल्यापासून ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, आमचं येणं-जाणं वाढलंय. ‘तास-दीड तासात पोचता ना?’ असं ओळखीतले विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

ओझर ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ९९० किलोमीटर. जेट विमान वर गेलं की ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे जातं. या हिशेबाने सव्वा तास पुरायला हवा, पण तिकिटावर दोन तासांच्या आसपास वेळ दिसते. ती विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. चढता-उतरताना वेग कमी असतो, दिल्लीजवळ उतरणाऱ्या विमानांची गर्दी असते आणि चाकं टेकल्यावरही टर्मिनल बरंच लांब राहतं.

खरा फायदा मुंबईशी तुलना केली की कळतो. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर, म्हणजे आकाशात फरक जेमतेम दहा-बारा मिनिटांचा. जमिनीवर मात्र मुंबई विमानतळ गाठायला दीडशे किलोमीटरहून जास्त जावं लागतं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टळला हे खरं, पण भिवंडी-ठाण्याच्या गर्दीचं काय? चार तास हाताशी ठेवूनच निघावं लागतं, शिवाय तिथल्या रांगा. इंदिरानगरहून उड्डाणपुलाने आडगाव, दहावा मैल, जानोरी करत आम्ही पाऊण तासात ओझरला पोचतो. विमानतळ छोटा असल्याने तपासणी पटकन होते. घरापासून दिल्लीच्या टर्मिनलबाहेर पडेपर्यंत साडेपाच तास, मुंबईमार्गे नऊच्या आसपास. आईचे गुडघे दुखतात, तिला हे साडेतीन तास वाचणं फार मोठं आहे. राजधानी एक्सप्रेसही चांगली, पण रात्र गाडीतच जाते.

डिसेंबर-जानेवारीत मात्र सावध राहा. नाशिकला लख्ख ऊन असतं आणि विमान तरी लेट! दिल्लीहून आलेलंच विमान परत जातं, त्यामुळे तिथल्या धुक्याचा उशीर इथे लागतो. निघण्यापूर्वी ते विमान दिल्लीहून सुटलंय का ते पाहा. दिवसात फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे विमान रद्द झालं तर लगेच दुसरं मिळत नाही. परीक्षा किंवा मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच जावं, असं मी आग्रहाने सांगेन.

परतीची गाडी दिल्लीतूनच ठरवून ठेवा. रात्री ओझरला उतरल्यावर रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, वयस्कर माणसं सोबत असतील तर मुळीच नको.