‘शांत मासा’ सांगून शिकारी मासा गळ्यात मारला : नाशिककर फिश टँकवाल्यांनी जरूर वाचा

नाशिकमध्ये कुणी घरच्या टँकसाठी नवीन मासा घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. माझ्यासारखं आणखी कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून लिहितेय.

आमचा टँक तीन फुटी. निऑन टेट्रा, गप्पी, मॉली आणि एक एंजल, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते. शहरातल्याच एका दुकानात बोटभर लांबीचं एक पिल्लू दिसलं. पांढरट अंग आणि त्यावर बिबट्यासारखे मोठे तपकिरी डाग. घरी कोणते मासे आहेत ते मी दुकानदाराला एकेक करून सांगितलं, निऑन आहेत हे तर दोनदा सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, हा एंजलचाच भाऊबंद. एकदम शांत. चार इंचांच्या वर जात नाही.” बिल मागितलं तर चिठ्ठीवर नुसतं ‘फॅन्सी फिश - १’ असं खरडून दिलं.

एंजलचा भाऊबंद हे खोटं नाही, म्हणून तर ते पटतं. एंजल सिक्लिड कुळातला आणि हाही त्याच कुळातला. उजनीची चिलापीसुद्धा त्याच कुळातली. पण हा निघाला आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला निम्बोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी. पूर्ण वाढ झाली की दहा इंचांपर्यंत जातो आणि लहान मासे खाऊनच जगतो. शिवाय त्याला लागतं जड, क्षारयुक्त पाणी, तर निऑन अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ पाण्यातला. म्हणजे खाण्याचा प्रश्न नसता तरी ही जोडी जमणारी नव्हतीच.

हे सगळं नंतर कळलं. आधी नुसते निऑन कमी होत गेले. मेलेला मासा एकही सापडेना. फिल्टर उघडून पाहिला, झाडांच्या मुळाशी पाहिलं, टँकच्या मागे फरशीवर पाहिलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणे पाण्यात इन्फेक्शन आहे, मेलेले मासे बाकीचे खाऊन टाकतात. त्याने औषधाची बाटली दिली. मग महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन जास्त आहे म्हणून दुसरी बाटली. गंगापूर धरणाचं तेच पाणी मी आधीपासून अँटिक्लोरीन घालून वापरत होते आणि तोवर एक मासा दगावला नव्हता, हे सांगितलं तरी ऐकून घेतलं नाही. वर नवे निऑनही त्यानेच विकले.

खरा प्रकार सासूबाईंनी पाहिला. संध्याकाळी त्यांनी हाक मारली, “अगं, तुझा तो ठिपक्यांचा मासा मेला वाटतं.” मी आले तर तो वाळूवर आडवा पडलेला, अंगावर सडल्यासारखे डाग, कल्ल्यांची हालचाल जेमतेम. डोळा मात्र फिरत होता. जाळी आणायला वळणार तोच एक निऑन टोचायला म्हणून त्याच्या जवळ गेला. आडव्या पडलेल्या माशाने एका झटक्यात तोंड पुढे काढलं आणि निऑन दिसेनासा झाला. तो सावकाश सरळ झाला आणि पोहत गेला. मेल्याचं सोंग घेऊन शिकार करणं ही याच माशाची ख्याती आहे.

जाब विचारायला दुकानात गेले तेव्हा मागच्या बाजूच्या मोठ्या टँककडे लक्ष गेलं. तिथे हेच मासे, वीतभर लांबीचे, आणि काचेवर स्टिकर: ‘लिव्हिंगस्टोनी, प्रिडेटर’. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. पिल्लू शांत म्हणून खपवायचं, मासे गायब झाले की औषधं आणि नवे मासे विकायचे. मला तर म्हणाला, “मोठा झालाय ना, आणून द्या, फुकट ठेवून घेतो.” म्हणजे तोही पुन्हा मागच्या टँकमधून विकायला मोकळा. पैसे परत मागितले तर म्हणाला, “नको असेल तर गोदावरीत सोडा.”

असं कुणीही, कधीही करू नका. चिलापी 1952 मध्ये बाहेरून भारतात आणली गेली आणि आता नद्या-धरणांतून ती हटत नाही. परदेशी शिकारी मासा रामकुंडाच्या पाण्यात सोडणं म्हणजे इथल्या माशांवर घाला घालणं आहे.

मी आमचा मासा मोठा आफ्रिकन टँक असलेल्या ओळखीच्या एका काकांना दिला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. माझ्याकडे पुरावा म्हणून आहे ती ‘फॅन्सी फिश’ची चिठ्ठी आणि त्या स्टिकरचा फोटो. माशाचं शास्त्रीय नाव बिलावर असतं तर तक्रारीला केवढं बळ आलं असतं. तुम्ही ते लिहून मागाच. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर मासा घेऊ नका. नाव मिळालं की तिथेच उभं राहून मोबाईलवर पूर्ण वाढ किती आणि खाणं काय एवढं बघा. पिल्लाचं तोंड समोरून पाहा. या माशाची तोंडाची फट लांब असते आणि जबडा पुढे सरकतो. असं डागांचं पिल्लू कुणी नुकतंच घेतलं असेल आणि टँकमधले छोटे मासे मागमूस न लागता कमी होत असतील, तर औषध घालू नका, त्याला आजच वेगळं काढा.