पायलोरीचं किट चालू असताना व्हिटॅमिन डी कसं घ्यावं: आठवड्याची पुडी की रोजची गोळी?

दुर्बिणीच्या तपासणीत पायलोरी (जठरात राहणारा जंतू) निघाला, तो मारायला अँटिबायोटिक गोळ्यांचं किट दिलं, रक्तात व्हिटॅमिन डी वीस नॅनोग्रॅमच्या खाली आलं, आणि डॉक्टर म्हणाले, "पुडी घ्या नाहीतर रोजची गोळी, तुमच्या सोयीनं." अशांसाठी हे लिहितोय. पुडी म्हणजे आठवड्यातून एकदाच घ्यायचे ६०,००० युनिट डी. लातूरच्या उन्हात डी कमी कसं, असं घरचे विचारतातच. डोक्याला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि भर दुपारी दुकानाच्या आत. ऊन कातडीला लागणार कधी?

ज्यांचं डी कमी, त्यांच्यात किट फेल जाण्याचं प्रमाण जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण डी भरून काढलं की किट हमखास लागू पडतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे डी वाढायची वाट बघत किट लांबवण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्ही बरोबरच चालू द्यावं.

रोजच्या गोळीच्या बाजूनं बोलायचं तर थोडं थोडं घेणं शरीराला मानवतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. आठवड्याच्या ६०,००० च्या पुडीला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण एकदम भाराभर घेण्याची भीती अगदीच खोटी नाही.

माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. मेडिकलवर रोजची गोळी मागितली की बहुधा कॅल्शियमवालीच हातात पडते. माझं किट होतं बिस्मथचं, म्हणजे त्यात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिवसातून चार वेळा. कॅल्शियम पोटात टेट्रासायक्लिनला धरून बसतं आणि औषध रक्तात नीट उतरत नाही, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. आता बघा: सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी, मग खाणं, चार वेळा टेट्रासायक्लिन, त्यात मेट्रोनिडाझोलनं तोंड असं कडू की भाकरीला चव नाही, बिस्मथनं जीभ काळी. या गर्दीत कॅल्शियमची गोळी घालायची कुठे? ताका-दह्यातही कॅल्शियमच, म्हणजे घड्याळ बघून ताक प्यायचं, घड्याळ बघून दही खायचं. या हिशोबानंच मी वैतागलो.

पुडीला ही कटकट नाही. आमच्या गावचा आठवडी बाजार सोमवारी, म्हणून सोमवार लक्षात राहतो. पुडी दुधात घ्यायची तर दूधही टेट्रासायक्लिनपासून लांबच ठेवावं लागतं. मी सरळ कॅप्सूल मागून घेतली. दुपारच्या जेवणात, तेल घातलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. डी तेला-तुपात विरघळतं, रिकाम्या पोटी घेण्यात मजा नाही.

पुडीचा धोका एकच, पण मोठा: आठवड्याची पुडी काहीजण रोज घेतात. तसं बरेच दिवस चाललं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. घरात म्हातारं माणूस असेल तर पाकिटावर वार लिहूनच द्यावा. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

तुमचं किट क्लॅरिथ्रोमायसिन-अमॉक्सिसिलिनचं असेल तर कॅल्शियमचं हे भांडण नाही, रोजची गोळी खुशाल घ्या. किट संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का ते बघायला श्वासाची तपासणी होते, त्याआधी दोन आठवडे अ‍ॅसिडिटीची गोळी बंद ठेवावी लागते. डी मात्र तेव्हाही चालू ठेवता येतं. पुड्यांचा कोर्स संपला की मग रोजच्या गोळीवर यायला माझीही ना नाही. तोवर टेट्रासायक्लिन संपलेलं असतं.